प्रांतपाल येणार म्हणून

आमच्या घरी परवापासून पेढे येताहेत. जेलरोडवर जो कोणी आम्हाला ओळखतो तो येतो, बॉक्स टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "अभिनंदन बाई, साहेब अध्यक्ष होणार." मी पाणी देते, चहा देते आणि तो गेला की बॉक्स खालच्या पोरांना देऊन टाकते. माझ्या घशाखाली एक पेढा उतरलेला नाही. शेजारणीला वाटलं बाईंना शुगर निघाली. शुगर नाही, किळस आलीय. कशाची ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचा बॉक्स आणणाऱ्याचा हेलपाटा तरी वाचेल.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण आज घेते, कारण 'आमचे हे' म्हणायला माझी जीभ वळत नाही. सावळीराम. सावळीराम काकळीज, मूळ नांदगावचे. सासरे तिथल्या बाजारात मापाडी होते, धान्य मोजून द्यायचे. व्यापाऱ्यांची पोरंसोरंसुद्धा त्यांना 'ए गोटीराम' अशी एकेरी हाक मारायची. गावात कसलाही कार्यक्रम असला की सतरंज्या अंथरायला, खुर्च्या मांडायला सासरे पुढे, आणि बसायची वेळ आली की भिंतीला टेकून उभे. हे सगळं सावळीरामांनी पोरवयात पाहिलं. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. पण कुठल्याही लग्नात गेलं की आधी पुढच्या रांगेत खुर्ची मिळतेय का ते बघतात, आणि मागे बसावं लागलं की त्या दिवशी भाजीत मीठ कमी असतं.

माणूस वाईट नाही हो. तेच तर दुखणं आहे. सातपूरच्या कंपनीत स्टोअरकीपर होते, पण कंपनीचा एक नटसुद्धा कधी घरी आणला नाही. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. मी बालवाडीत नोकरी करायची, तर पोरीची वेणी घालून तिला शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे. वेणी वाकडी यायची, पण घालायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

रिटायर झाल्यावर मात्र बिघडलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि जायला जागा नाही. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तूरडाळ, मूगडाळ, साखर. मी म्हटलं, "अहो, हे माझं स्वयंपाकघर आहे, तुमचं स्टोअर नाही." असं चाललेलं असताना कंपनीतल्या एका जुन्या साहेबांनी त्यांना गोदाकाठ सेवा क्लबात नेलं, आणि घरातली पीडा टळली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं.

क्लब म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. पुणे रोडवरच्या एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये महिन्यातून दोनदा सभा. अध्यक्षाने हातोडीने घंटा वाजवली की सभा सुरू, वाजवली की संपली, मधे जेवण. अध्यक्षाच्या गळ्यात मखमलीची कॉलर, तिला पितळी बिल्ले. बाकीच्यांच्या छातीवर क्लबची पिन, आणि पिन विसरला त्याला दंड. अध्यक्ष दर जुलैला बदलतो. त्यासाठी निवडणूक असते म्हणे, पण तिथे कोणी मत दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. गंगापूर रोडला कोणाच्यातरी फार्महाऊसवर चारजण बसतात, खातात-पितात, नाव ठरवतात. मग पुढच्या सभेत सेक्रेटरी उभा राहून वाचतो, "सर्वानुमते." आणि तो सेक्रेटरी म्हणजे आमचे सावळीराम. अध्यक्ष आले आणि गेले, सेक्रेटरी तेच. राबणारा बैल कोण सोडतो?

आणि प्रत्येक नव्या अध्यक्षाची एकच खोड. आधीच्याने सुरू केलेलं काही पुढे चालवायचं नाही. मागच्याने लावलेल्या झाडांना यंदाचा पाणी घालत नाही, कारण कुंपणावरच्या पाटीवर नाव मागच्याचं आहे. शाळेला दिलेल्या टाकीची तोटी गळायला लागली, तर तोटी बदलत नाहीत, शेजारी दुसरी टाकी देतात. सिन्नर फाट्याच्या शाळेत अशा तीन टाक्या आहेत आणि पोरं अजून घरून बाटली नेतात.

या सगळ्यात एकच काम टिकलं, ते सावळीरामांचं. रुग्णसाहित्य केंद्र. आजारी माणसाला लागणारा पलंग, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी, असं सगळं सामान आमच्या पार्किंगमधल्या शेडमध्ये ठेवलेलं. कोणाला गरज पडली की न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. हे काम ते जीव लावून करायचे. सामान न्यायला घरी कोणी माणूस नसेल तर स्वतः रिक्षात घालून पोचवायचे, पलंग जोडून द्यायचे, गादीचं मशीन कसं लावायचं ते दाखवून यायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा. आज हे वाक्य बोलताना तोंड कडू होतंय, पण वाटायचा.

आता विठाबाईबद्दल. विठाबाई माझ्या बालवाडीत आया होती. मी पोरांना गाणी शिकवायची आणि ती त्यांची नाकं पुसायची, चड्ड्या बदलायची. कुठलं पोर रडायला लागलं की माझ्याकडे न येता तिच्याकडे पळायचं. माझी निकिता तापाने फणफणलेली असताना रजा मिळाली नव्हती, तेव्हा विठाबाई तिला दिवसभर मांडीवर घेऊन बालवाडीच्या ओट्यावर बसली होती. ती सिन्नर फाट्याच्या मागच्या वस्तीत राहते. मुलगा संघर्ष टेम्पो चालवतो, सून राखी शिवणकाम करते. घरात शिरलं की समोर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली कायम ताजं फूल. गेल्या दिवाळीनंतर विठाबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. ती पलंगाला खिळली ती खिळलीच.

पडून राहिलेल्या माणसाची पाठ सडते, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राखीला बजावून सांगितलं होतं, "कमरेच्या खाली लाल झालंय. तिथे जखम उघडली तर या वयात भरणार नाही. हवेची गादी बघा." मी घरी येऊन सावळीरामांना म्हटलं, आणि ते त्याच दुपारी केंद्रातला पलंग आणि गादी घेऊन गेले. त्या गादीला फुगे असतात. एक रांग फुगते तेव्हा दुसरी बसते, मग उलट, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही. पायथ्याला छोटं मशीन लटकवायचं, ते दिवसरात्र घुंघुं करत राहतं. सावळीरामांनी राखीला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, "हिच्यावर सुई नको, पिन नको, मांजर नको." राखी शिवणकामाचं सगळं सामान उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन गेली.

गादीने काम केलं. लाली ओसरली. विठाबाईचं बोलणं जड झालं होतं, पण मी गेले की डावा हात वर करायची आणि म्हणायची, "बाई, साहेबांची गादी लय भारी हाय." मी घरी येऊन सांगायची आणि सावळीराम पेपरामागे लपून हसायचे.

यंदाचा अध्यक्ष हर्षल. टाइल्सचं शोरूम आहे, वयाने आमच्या निकिताएवढा. सावळीराम त्याला 'अध्यक्ष साहेब' म्हणतात आणि तो यांना 'काका'. वर्षातून एकदा क्लबच्या वरचा मोठा अधिकारी भेटीला येतो, त्याला प्रांतपाल म्हणतात. त्याने खूश होऊन शेरा दिला की अध्यक्षाला बक्षीस मिळतं. हर्षलने वर्षभर फक्त फ्लेक्स लावले होते. उन्हाळ्यात प्रांतपाल येणार म्हटल्यावर त्याला दाखवायला काहीतरी हवं होतं, तेव्हा त्याला आमची शेड आठवली. आला, शटर वर केलं, आणि म्हणाला, "काका, हे तर रिकामं आहे."

शेडमध्ये एक मोडका वॉकर होता. बाकी सगळं सामान लोकांच्या घरी, आजारी माणसांच्या अंगाखाली होतं.

"म्हणजे केंद्र चांगलं चाललंय," मी चहाचा कप देताना म्हटलं. "हेच सांगा की तुमच्या प्रांतपालांना."

"काकू, रिकाम्या शेडचा फोटो कसा काढायचा?" हर्षल म्हणाला आणि हसला. सावळीरामही हसले.

मग त्या दोघांचं ठरलं. लोकांकडचं सगळं सामान परत मागवायचं, त्यावर यंदाच्या वर्षाचे स्टिकर लावायचे, हॉलमध्ये ओळीने मांडायचं आणि प्रांतपालांच्या हस्ते वाटप करायचं. म्हणजे ज्यांना दिलंय त्यांच्याकडून काढून घ्यायचं आणि पुन्हा दिल्यासारखं करायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो टाइल्सच्या शोरूममधून निघाला होता. मी तेव्हाच सावळीरामांना म्हटलं, "तुमचं काय ते करा. पण विठाबाईच्या गादीला हात लावायचा नाही."

"हो, हो," ते म्हणाले. "तिची कशाला आणेन?"

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी राखीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "बाई, गादी कधी परत देतील? आईंना खाली चटई टाकून ठेवलंय. पलंगपण नेला ना."

मी रिक्षा करून गेले. वर पत्रा तापलेला, खाली फरशीवर चटई, तिच्यावर गोधडी दुमडून टाकलेली आणि त्यावर विठाबाई. घामाने नुसती चिंब. मी आणि राखीने मिळून तिला कुशीवर केलं. कमरेखाली पुन्हा लाल चट्टा उठला होता. मी राखीला म्हटलं, "अगं, तू देऊ कशी दिलीस?"

"साहेब स्वतः आले होते, बाई," राखी म्हणाली. "त्यांनी कधी काही मागितलं नाही आमच्याकडे. त्यांना नाही कसं म्हणणार?"

हे ऐकून मला आधी तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. राग कोणाचा यायला हवा ते मला ठाऊक होतं. ती दुपार आणि संध्याकाळ मी तिथेच थांबले. आम्ही दोघी तिला दर थोड्या वेळाने कूस बदलून देत होतो, पण माणूस म्हणजे काही पोळी नव्हे, उलटली की झालं.

घरी आले तेव्हा सावळीराम जेवणाच्या टेबलावर स्वागताचं भाषण लिहीत बसले होते. मी पिशवी आपटली.

"तुम्ही म्हणाला होतात, तिची आणणार नाही."

"अगं, हवेची गादी एकच होती बाहेर," ते मान खाली घालूनच म्हणाले. "बाकीच्या दोन फाटल्या, टाकून दिल्यात. प्रांतपालांना नवं काहीतरी दाखवायला हवं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. परवा सकाळी मी स्वतः पोचवतो."

"आणि तिची पाठ? ती थांबेल का दोन दिवस, प्रांतपाल येणार म्हणून?"

तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खरं बोलले. "हर्षलने शब्द दिलाय. भेट नीट झाली तर पुढच्या वर्षी अध्यक्ष मी. उद्या तिथेच जाहीर करणार." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती वर्षं मी दुसऱ्यांच्या खुर्च्या मांडतोय, तुला माहीत आहे."

माहीत होतं. पण त्या माणसाची मला पहिल्यांदा किळस वाटली. बापाला खुर्ची मिळाली नाही म्हणून पोरगा आजारी बाईच्या अंगाखालचा पलंग काढून आणतो, आणि वर भाषण लिहितो. हे काय झालं माणसाचं?

दुसऱ्या दिवशी मी कार्यक्रमाला गेले. सभासदांच्या बायकांमध्ये मिरवायला नाही, कार्यक्रम संपला की गादी घेऊन निघायचं म्हणून. हॉलमध्ये शिरले आणि पाय जागीच थबकले. आमच्या शेडचं सगळं सामान ओळीने मांडलेलं. पलंगाच्या दांड्यांना फुगे बांधलेले. कमोडच्या खुर्च्यांना झेंडूच्या माळा. प्रत्येक वस्तूवर हर्षलचा हसरा फोटो चिकटवलेला, अगदी बेडपॅनवरसुद्धा. ज्या भांड्यात कोणाच्यातरी म्हाताऱ्या आईने आठवड्यापूर्वी लघवी केली होती, ते प्रांतपालांच्या स्वागतासाठी घासूनपुसून टेबलावर. आणि स्टेजच्या अगदी मध्ये विठाबाईचा पलंग, त्यावर हवेची गादी, मशीन चालू, आणि गादीवर क्लबचा मोठा बॅनर पसरलेला.

आता वाटप करायचं तर घेणारे हवेत. ज्यांच्याकडून सामान आणलं होतं ती माणसं येणार कशी? त्यांचं सामान इथे आणि ती घरी फरशीवर. मग हर्षलने आपल्या शोरूममधले हमाल आणले. चाकाच्या खुर्चीत भिकन बसला होता. भिकन मी ओळखते, टाइल्सच्या पेट्या पाठीवर घेऊन तीन मजले चढणारा गडी. त्याच्या मांडीवर शाल टाकलेली. प्रांतपाल वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि फोटोवाला म्हणाला, "दादा, जरा आजारी दिसा." भिकनने मान वाकडी केली. टाळ्या वाजल्या. फोटो झाल्यावर भिकन उठला, शाल घडी करून ठेवली आणि तीच खुर्ची ढकलत स्टेजवरून खाली गेला, कारण पुढच्याला बसायचं होतं. हॉलमध्ये एकालाही त्यात काही गैर वाटलं नाही. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती छान सेवा आहे ना." मी रुमाल तोंडाला लावून बसले.

शेवटी हर्षलने माईक घेतला आणि जाहीर केलं, पुढच्या वर्षीचे अध्यक्ष श्री. सावळीराम काकळीज. सर्वानुमते. सावळीराम स्टेजवर गेले. खुर्ची दिली, बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी खालून बघत होते. एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि मला टाळी वाजवता आली नाही.

गादी त्या दिवशी मिळाली नाही, कारण फोटोवाल्याला मागाहून पुन्हा फोटो काढायचे होते. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलंगासकट पोचली. सावळीरामांनी स्वतः पोचवली, मशीन लावून दिलं. घुंघुं सुरू झालं. राखीला वाटलं सुटलो. मलाही तसंच वाटलं. मी थोडे दिवस गेले नाही, कारण घरी पेढेवाल्यांची रांग तेव्हा लागली नसली तरी फोनवाल्यांची होती, आणि मला कोणाशी बोलायची इच्छा नव्हती.

मग राखीचा फोन आला. "बाई, आईंना वास येतोय."

दारातूनच मला तो वास आला. घासलेलं घर, फोटोखाली ताजं फूल, आणि त्यात तो गोड, कुजका वास. आम्ही विठाबाईला कुशीवर केलं. त्या जागी आता चट्टा नव्हता, खड्डा होता. आत काळं आणि पिवळं, आणि खोलवर काहीतरी पांढरं दिसत होतं. ते हाड होतं. मशीन चालूच होतं. मी गादीवर हात दाबून बघितला. एक रांग घट्ट, दुसरी पार बसलेली. मशीन हवा भरत होतं आणि ती निघून जात होती, म्हणून भार कायम त्याच फुग्यांवर, त्याच हाडावर. गादी नसती तर राखीने तिला रात्रंदिवस कुशी बदलून दिल्या असत्या. गादी आहे या भरवशावर ती जरा झोपली होती.

मी चादर बाजूला सारली. गादीच्या चारी कडांना बारीक भोकं होती, ओळीत, बॅनरच्या मापाची. टाचण्यांची भोकं.

संघर्ष डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी पाहिलं, बाहेर येऊन हात धुतले आणि सांगितलं, "साफ करत राहा. हे आता भरायचं नाही. किती दिवस काढतील तेवढे काढतील." संघर्ष माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आम्ही मागायला आलो नव्हतो. तुम्हीच दिली होती." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी जाऊन मेडिकलमधून नवी गादी आणली आणि लावली. नव्या गादीने खड्डा भरत नाही, हे मला माहीत होतं. तरी आणली.

घरी आल्यावर सावळीरामांना विचारलं, "गादीवर बॅनर कोणी लावला?"

"मी," ते म्हणाले. "का?"

"कशाने?"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. मग म्हणाले, "एसीच्या वाऱ्याने उडत होता. हर्षल म्हणाला, नाव दिसत नाहीये."

बघा. ज्याने राखीला सुई नको, पिन नको म्हणून पढवलं, त्यानेच स्वतःच्या हाताने टाचण्या टोचल्या. त्याला कळत नव्हतं असं नाही. त्या क्षणी त्याच्यासाठी ती गादी राहिलीच नव्हती, बॅनर लावायचं टेबल झालं होतं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. या क्लबातल्या लोकांची सगळी सेवा अशीच. आजारी माणूस त्यांना दिसतच नाही. त्यांना दिसते फोटोची जागा.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"विठाबाईकडे. ड्रेसिंगची वेळ झालीय. राखीला एकटीला जमत नाही."

नाही नाही म्हणत होते. मी चप्पल घालून दारात उभी राहिले आणि हलले नाही, तेव्हा निघाले. इतकी वर्षं त्यांनी घरोघरी पलंग पोचवले, पण जोडून देऊन, मशीन दाखवून परत यायचे. पलंगावरच्या माणसाची पाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी त्यांना पलंगाच्या कडेला उभं केलं. "हिच्या खांद्याला आणि कमरेला धरा, आणि आपल्याकडे ओढून ठेवा," मी सांगितलं. त्यांनी धरलं. राखीने पट्टी काढली. त्यांनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. अंगाला दरदरून घाम सुटला, ओकारी आली, ती त्यांनी कशीबशी गिळली. "सोडू नका," मी म्हटलं, "सोडलं तर ती खाली आपटेल." त्यांनी सोडलं नाही.

त्यांच्या पोटावर डोकं टेकून विठाबाई पडली होती. तिला वर बघता येत नव्हतं, पण हात ओळखीचे वाटले असावेत. जड जिभेने ती म्हणाली, "साहेब आले का?"

"हो," सावळीराम म्हणाले.

"तुमचा परोगराम चांगला झाला का?"

त्या खोलीत तो वास, राखीच्या हातात काळपट बोळा, आणि ती विचारत होती मनापासून. आपली गादी साहेबांनी कशासाठी नेली ते तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सावळीरामांनी माझ्याकडे बघितलं. मला बघायचं होतं हा माणूस काय बोलतो.

"चांगला झाला," ते म्हणाले. "प्रांतपाल खूश झाले."

"मंग बरं झालं," विठाबाई म्हणाली. "माझी गादी तुमच्या कामाला आली."